दहा टक्के की दहापट? पहिला डीएसएलआर निवडताना

मोठ्या कॅमेरा कंपन्यांनी आरसा असलेल्या कॅमेऱ्यांकडे, म्हणजे डीएसएलआरकडे, पाठ फिरवली, त्याला आता काही वर्षं झाली. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ मध्ये बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या. सोनीनं २०२१ मध्ये आपले जुने, आरसा असलेले ए-माउंट मालिकेतले कॅमेरे बंद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅननच्या प्रमुखांनी सांगून टाकलं की ईओएस-१डी एक्स मार्क थ्री हा त्यांचा शेवटचा सर्वोच्च श्रेणीतला डीएसएलआर असेल. निकॉनचा सर्वात सोपा डीएसएलआर, डी३५००, आता तयार होत नाही.

याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स मोठ्या संख्येनं वापरलेल्या मालाच्या बाजारात आल्या आणि ज्यांना चांगला कॅमेरा एरवी परवडला नसता त्यांच्या हाती तो येऊ लागला. फोटोग्राफी मनापासून शिकू पाहणाऱ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र विकत घ्यायला निघालं की गाडी एकाच ठिकाणी अडते: समोर दोन कॅमेरे असतात, दोन्ही काळे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींबरोबर १८-५५ मिलिमीटरची लेन्स, आणि तुलनेचे तक्ते कितीही वाचले तरी निर्णय होत नाही.

या लेखात अशी एक नेहमीची जोडी घेतली आहे: निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी. दोन्ही २०१८ मध्ये आले. कॅननचाच हा कॅमेरा काही देशांत २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७ या नावानं विकला गेला. नावं तीन, कॅमेरा एकच, हे शोधाशोध करताना ध्यानात असू द्या. तुमच्यासमोरची जोडी वेगळी असली तरी पारखण्याची रीत तीच राहते.

आरसा, सेन्सर, लेन्स

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळ्याला लावलेल्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये, दिसतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. पडदा म्हणजे शटर. सेन्सर म्हणजे प्रकाशाची नोंद करणारा पातळ तुकडा. आपण ज्याला कॅमेरा म्हणतो, त्यातला लेन्स सोडून उरलेला भाग म्हणजे बॉडी.

फोटोच्या दर्जाचा विचार करताना तीनच प्रश्न धरून ठेवावेत. लेन्सनं किती प्रकाश आत सोडला? शटर किती वेळ उघडं राहिलं? आणि त्या प्रकाशाची नोंद सेन्सरनं किती स्वच्छ केली? पहिला प्रश्न लेन्सचा आहे, दुसरा बहुतांशी तुमचा, आणि तिसरा तेवढा बॉडीचा. तरीही तुलनेचे जवळजवळ सगळे तक्ते बॉडीबद्दलच असतात, कारण तिथले आकडे मोजायला आणि छापायला सोपे.

मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला का?

सेन्सरवर प्रकाश टिपणारे लहान लहान ठिपके असतात. त्यांची संख्या दहा लाखांच्या हिशेबात सांगितली की मेगापिक्सेल. आता सेन्सर म्हणजे खोलीची जमीन आणि हे ठिपके म्हणजे फरश्या समजा. त्याच खोलीत लहान फरश्या बसवल्या तर त्यांची संख्या वाढते. खोली तेवढीच राहते आणि खिडकीतून येणारं ऊनही तेवढंच. प्रत्येक फरशीच्या वाट्याला मात्र कमी ऊन येतं. म्हणून फरश्या मोजण्याआधी खोली मोजावी.

कॅननचाच जुना १३००डी १८ मेगापिक्सेलचा होता आणि त्याच्या जागी आलेला १५००डी २४चा आहे. ऐकायला एक तृतीयांश वाढ. पण ही वाढ क्षेत्रफळातली आहे. फोटोच्या लांबीत बघितलं तर ५१८४ ठिपक्यांचे ६००० झाले, म्हणजे १६ टक्क्यांच्याही आत. एका इंचात ३०० ठिपके या उत्तम दर्जानं कागदावर छापलं तर पहिला फोटो सुमारे १७ इंच लांब निघतो आणि दुसरा २० इंच. एवढा मोठा फोटो आपण किती वेळा छापतो? आणि ज्याला आपण फोर-के म्हणतो त्या टीव्हीच्या पडद्यावर सव्वाआठ मेगापिक्सेलच मावतात. म्हणजे मेगापिक्सेलसाठी १३००डी सोडून १५००डीच्या मागे लागण्याची गरज बहुतेकांना नाही.

आता खोली मोजू. निकॉनचा सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद आहे, कॅननचा २२.३ आणि १४.९. गुणाकार केला तर निकॉनचं क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी जास्त भरतं. दहा टक्के जास्त प्रकाश फोटोत डोळ्यांना जाणवत नाही. दोन फोटो शेजारी ठेवून कोणता कशातून काढला ते ओळखायला सांगितलं, तर केवळ या फरकावरून कुणालाही ओळखता येणार नाही. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचा आहे.

तक्त्यातले कोणते फरक खरे आहेत?

सगळेच फरक फोल आहेत असं मी म्हणणार नाही. काही खरे आहेत, आणि ते कुणासाठी खरे आहेत हे कळलं की तक्ता उपयोगाचा ठरतो.

बॅटरीचा फरक खरा आहे. ठरावीक पद्धतीनं मोजल्यावर डी३५०० एका चार्जिंगमध्ये १५५० फोटो काढतो आणि १५००डी ५००. तिप्पट. दिवसभर भटकंती करणाऱ्याला, जिथे वीज नाही तिथे जाणाऱ्याला हे मोठं सुख आहे. पण एक जादा बॅटरी खिशात ठेवली की कॅननची ही उणीव बरीचशी भरून निघते, आणि ती बॅटरी लहानच असते.

ओळीनं फोटो काढण्याचा वेगही खरा आहे. निकॉन सेकंदाला पाच फोटो काढतो, कॅनन तीन. मैदानावर धावणारी मुलं, उडणारे पक्षी, उड्या मारणारं कुत्रं हे तुमचे विषय असतील तर हे दोन जादा फोटो कामाला येतात. निसर्गदृश्यं आणि माणसांचे चेहरे टिपणार असाल तर हा आकडा सोडून द्या.

फोकसचे बिंदू, म्हणजे चौकटीतल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस साधू शकतो त्या, निकॉनमध्ये ११ आणि कॅननमध्ये ९. या फरकाला मी काहीच किंमत देत नाही. दोन्हींत मधला एकच बिंदू आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, म्हणजे भरवशाचा आहे. कमी उजेडात दोन्ही कॅमेऱ्यांवर मधलाच बिंदू वापरावा लागतो. मग कडेचे बिंदू आठ असोत की दहा.

सावलीतला तपशील हा मात्र असा फरक आहे जो तक्त्यात सहसा नसतो आणि फोटोत दिसतो. कॅमेरा फोटो दोन तऱ्हांनी साठवतो: तयार करून दिलेला जेपेग, आणि सेन्सरची कच्ची नोंद म्हणजे रॉ. रॉ फाइल घरी संगणकावर हवी तशी घडवता येते. आकाश उजळ आणि जमीन काळोखी असा फोटो घेऊन नंतर जमीन उजळायला गेलं, की १५००डीच्या फाइलीत त्या भागात रवाळपणा लवकर वर येतो. डी३५०० इथे बराच जास्त सहन करतो. सूर्योदय-सूर्यास्त, डोंगर, जुन्या वास्तूंचे अंधारे कोपरे यांत रस असेल आणि संगणकावर बसून फोटो घडवायची तयारी असेल, तर निकॉनच्या बाजूनं हे खणखणीत कारण आहे. फक्त जेपेग वापरणाऱ्याला ते फारसं जाणवणार नाही.

फोनशी जोडण्याच्या बाबतीत पारडं उलटं झुकतं. डी३५००मध्ये वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ आहे, आणि त्यावरून फोनवर आपोआप जाणारे फोटो दोन मेगापिक्सेलपर्यंत लहान केलेले असतात. १५००डीमध्ये वायफाय आहे. पूर्ण आकाराचा फोटो फोनवर घेता येतो, कॅमेऱ्याला काय दिसतंय ते फोनवर पाहून तिथूनच बटणही दाबता येतं. फोटो काढून लगेच पाठवायची सवय असलेल्यांसाठी रोजच्या वापरात हा फरक सेन्सरच्या फरकापेक्षा मोठा आहे.

आणखी एक बारीक पण महागात पडू शकणारी गोष्ट. १५००डीच्या माथ्यावर फ्लॅश बसवायची जी खाच आहे, तिच्यातला मधला धातूचा बिंदू कॅननने काढून टाकला. दुसऱ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि स्टुडिओतले ट्रिगर (लांबचे दिवे पेटवणारी उपकरणं) बहुधा याच बिंदूवरून पेटतात. त्यामुळे ते इथे चालत नाहीत. कॅननच्या पद्धतीशी जुळणारेच लागतात. वस्तूंचे फोटो काढायचे, घरीच छोटा स्टुडिओ मांडायचा असा बेत असेल तर घ्यायच्या आधी हे माहीत हवं.

दोन्हींचे फोटो दाखवणारे मागचे पडदे, म्हणजे स्क्रीन, न वळणारे, बोटांना प्रतिसाद न देणारे. दोन्हींत सेटिंग फिरवायला एकच चाक. दोन्हींत व्ह्यूफाइंडर फोटोच्या ९५ टक्केच भाग दाखवतो, म्हणजे कडेला न दिसलेली एखादी फांदी फोटोत येऊ शकते. इथे निवडायला काही नाही.

दहापट फरक कुठे आहे?

लेन्सच्या आत एक लहान-मोठं होणारं भोक असतं, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. त्याचं माप एफ या अक्षरापुढच्या आकड्यानं सांगतात आणि आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. आत येणारा प्रकाश या आकड्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

लेन्सच्या नावातले मिलिमीटर जितके जास्त तितकं ती दूरचं जवळ आणते, जितके कमी तितकं दृश्य रुंद. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स, जिला किट लेन्स म्हणतात, पूर्ण लांब, म्हणजे ५५वर, केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आता ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या. दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या सर्वात स्वस्त लेन्समध्ये ती मोडते. ५.६ भागिले १.८ म्हणजे ३.१, आणि त्याचा वर्ग ९.७. जवळजवळ दहापट प्रकाश.

म्हणजे दोन बॉडींच्या सेन्सरमध्ये दहा टक्क्यांचा फरक होता आणि एका साध्या लेन्सनं दहापट फरक पडतो.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? संध्याकाळी घरातल्या दिव्याच्या उजेडात लहान मूल खेळतंय. किट लेन्सवर शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं ठेवावं लागलं असं समजू. एवढ्या वेळात मुलाचा हात हलतो आणि फोटोत त्याच्या जागी धूसर पट्टा उरतो. एफ १.८ वर तोच फोटो सेकंदाच्या साधारण दीडशेव्या भागात निघतो. हात स्थिर दिसतो, बोटं मोजता येतात. शिवाय भोक मोठं उघडल्यामुळे मागची भिंत आणि पसारा मऊ होऊन मागे सरतो आणि चेहरा पुढे येतो. ज्या परिणामासाठी लोक डीएसएलआर घ्यायला निघतात तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि तो बॉडीच्या खोक्यात नसतो.

म्हणून माझं ठाम मत आहे: दोन सारख्या कॅमेऱ्यांपैकी महाग असलेला घेऊन पैसे संपत असतील, तर स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशांत एक मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घ्या. जुनी पिढी घेऊनही हे साधत असेल तर जुनी पिढी घ्या. निकॉन डी३४०० आणि डी३५०० यांचंच बघा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींचा वेग सेकंदाला पाच फोटो, दोन्हींत ११ बिंदू. नव्यात बॅटरी १२००च्या जागी १५५० फोटोंची झाली, पकड खोल झाली आणि बटणं हलवली.

या सल्ल्याला एक अपवाद आहे. कॅननचा ३०००डी, जो काही देशांत ४०००डी म्हणून विकला गेला, तो स्वस्त करण्यासाठी फार छाटला गेला. लेन्स बसवायची कडी धातूऐवजी प्लॅस्टिकची, फोटो दाखवणारा मागचा पडदा २.७ इंचांचा आणि इतका ढोबळ की फोटो नीट फोकस झाला का हे त्यावर कळत नाही. आपलीच चूक आपल्याला दिसली नाही तर शिकायचं कसं? नवशिक्यासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यातून नवशिक्याचा आरसाच काढून घेण्यासारखं आहे हे. तो टाळावा.

बॉडी घेता तेव्हा माउंटही घेता

लेन्स ज्या कडीवर बसते तिला माउंट म्हणतात. निकॉनची कडी, एफ-माउंट, १९५९ सालची. कॅननची ईएफ कडी १९८७ सालची. एकीची लेन्स दुसरीवर बसत नाही. बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्स मात्र वीस वर्षंही राहू शकतात. म्हणून आज जो निर्णय तुम्ही बॉडीचा समजताय, तो प्रत्यक्षात माउंटचा आहे.

जुन्या लेन्स घेणाऱ्यानं इथे एक भेद समजून घ्यायलाच हवा. कॅननने १९८७ मध्ये जुनी कडी सोडून दिली आणि फोकस करणारी मोटर पहिल्यापासून प्रत्येक ऑटोफोकस लेन्सच्या आतच ठेवली. त्यामुळे कॅननची तीस वर्षांपूर्वीची ईएफ लेन्सही १५००डीवर आपोआप फोकस करते. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नव्हती. बॉडीतली मोटर एका लहान दांड्यानं लेन्स फिरवायची. डी३५००च्या बॉडीत ती मोटर ठेवलेलीच नाही. परिणामी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेल्या लेन्सच त्यावर आपोआप फोकस करतात. ५० मिलिमीटर एफ १.८ याच वर्णनाची निकॉनची 'एएफ… डी' लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर ती कॅमेऱ्यावर बसेल, फोटोही काढेल, पण फोकस हातानं फिरवावा लागेल. 'एएफ-एस… जी' असं लिहिलेली घेतली तर हा प्रश्न येत नाही. दुसऱ्या कंपन्यांनी निकॉनसाठी बनवलेल्या लेन्समध्येही आत मोटर आहे का, हे विचारून घ्यावं.

याउलट निकॉनकडे एक अशी लेन्स आहे जी या वर्गासाठीच घडवल्यासारखी आहे: २००९ मध्ये आलेली एएफ-एस डीएक्स (डीएक्स म्हणजे निकॉनच्या या लहान सेन्सरसाठीची) ३५ मिलिमीटर एफ १.८. या कॅमेऱ्यांचे सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यानं दृश्य आवळून दिसतं, निकॉनवर दीडपट आणि कॅननवर १.६ पट. ५० मिलिमीटरची लेन्स चेहऱ्यासाठी सुरेख, पण खोलीत चार माणसांचा फोटो घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकते. ३५ मिलिमीटर जवळपास डोळ्याला दिसतं तसं दाखवते आणि घरात, रस्त्यावर, प्रवासात सगळीकडे चालते. कॅननकडे या जागी २४ मिलिमीटर एफ २.८ ची चपटी लेन्स आहे. ती छान हलकी आणि स्वस्त आहे, पण निकॉनच्या ३५च्या तुलनेत प्रकाश अडीचपटीच्या आसपास कमी घेते. कॅननची बाजू रुंद दृश्यात चांगली: १०-१८ ही लेन्स परवडणारी आहे आणि वास्तू किंवा डोंगररांगा टिपणाऱ्याला तिचा मोह पडतो.

"पण दोन लेन्सचं किट एवढ्याशा जादा पैशांत मिळतंय"

किट निवडताना लेन्सवरची अक्षरं वाचा. हात थरथरला तरी दृश्य स्थिर ठेवणारी यंत्रणा कॅननच्या लेन्सवर आयएस आणि निकॉनच्या लेन्सवर व्हीआर या अक्षरांनी दाखवतात. दोन्ही कंपन्यांच्या १८-५५ लेन्स या यंत्रणेसह आणि तिच्याविना अशा दोन्ही प्रकारांत आल्या आहेत. दिसायला जवळजवळ सारख्याच. दोन जाहिरातींतल्या किमतींत फरक दिसला तर तो पुष्कळदा इथेच दडलेला असतो. यंत्रणा असलेलीच घ्या. ती तुमच्या हाताची थरथर सांभाळते, समोरचं मूल हललं तर तिचा उपयोग नाही. त्याला मोठं अ‍ॅपर्चरच लागतं.

दुसरी लेन्स दूरचं जवळ आणणारी असते. खेळ, पक्षी, रंगमंचापासून लांबची जागा अशी गरज असेल तर ती जरूर घ्यावी. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम आणि निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर या दोन्ही या वर्गात फार चांगल्या आहेत. पण अशी गरज नसताना केवळ एकावर एक मिळतेय म्हणून घेतलेली लांब लेन्स बहुधा कपाटात राहते. तेवढेच पैसे ३५ किंवा ५०वर घातले तर ती लेन्स कॅमेऱ्यावरून उतरतच नाही.

"हातात फोन आहे, मग हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फोन सेकंदाच्या आत अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो आणि साध्या प्रसंगात त्याचा निकाल किट लेन्सच्या जेपेगपेक्षा पुष्कळदा आकर्षक दिसतो. पण फोनमध्ये मोठा मानला जाणारा एक-इंची प्रकारचा सेन्सरसुद्धा १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. या डीएसएलआरचा सेन्सर त्याच्या सुमारे तिप्पट. हलणारी वस्तू, लांबची वस्तू आणि खरी, लेन्सनं केलेली मऊ पार्श्वभूमी या तीन ठिकाणी तो अजून पुढे आहे. आणि शिकण्यासाठी तो कितीतरी चांगला आहे, कारण फोन जे निर्णय तुमच्या नकळत घेतो ते इथे तुम्ही घेता. डी३५००मधला मार्गदर्शक मोड तर कशासाठी काय बदलायचं हे पायरीपायरीनं सांगतो. पूर्ण नवशिक्यांना तो मी आवर्जून सुचवेन.

"आणि मिररलेसच घेतला तर?"

पैसे असतील तर घ्या. नवे फोकस, नवे व्हिडिओ, नव्या लेन्स सगळं आता तिकडेच येतंय. पण त्यासाठी डीएसएलआरवर केलेला खर्च वाया जातो ही भीती खरी नाही. मिररलेसमध्ये आरशाची जागा लागत नसल्यानं कडी आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी असतं: निकॉनच्या एफ-माउंटवर ते ४६.५ मिलिमीटर आहे, नव्या झेड-माउंटवर १६. कॅननच्या ईएफवर ४४, नव्या आरएफवर २०. मधली रिकामी जागा अ‍ॅडॅप्टर नावाच्या नळकांड्यानं भरून काढली की जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. कॅननचा अ‍ॅडॅप्टर ईएफ आणि ईएफ-एस (फक्त लहान सेन्सरसाठीच्या) दोन्ही लेन्स ऑटोफोकससह चालवतो. निकॉनचा एफटीझेड एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स चालवतो, पण मोटर नसलेल्या जुन्या लेन्सना तोही फोकस करून देत नाही. पुन्हा तीच मोटर आड येते. म्हणून आज डी३५०० घेतला तरी लेन्स एएफ-एस किंवा एएफ-पीच घेत जा. उलट दिशेनं मात्र रस्ता बंद आहे: मिररलेसच्या लेन्स डीएसएलआरवर चालत नाहीत.

व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर मात्र या दोघांपैकी कुणाच्याही वाटेला जाऊ नका. दोन्हींत बाहेरचा माइक जोडायला जागा नाही आणि व्हिडिओ घेताना फोकस शोधत बसतो. इथे मिररलेस किंवा चांगला फोनच बरा.

मग यातला कोणता?

घरातली माणसं, प्रवास, निसर्ग, आणि एक-दोन लेन्सवर समाधान, असं चित्र असेल तर मी डी३५०० आणि ३५ मिलिमीटर एफ १.८ ही जोडी सांगेन. बॅटरी आहे, रॉ फाइल सहनशील आहे आणि वजनही कमी: बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५. पुढची अनेक वर्षं वापरलेल्या लेन्स हळूहळू जमवायच्या असतील, मित्राकडे किंवा नात्यात कुणाकडे ईएफ लेन्स असतील, किंवा फोटो तातडीनं फोनवर हवे असतील तर कॅनन. हे नात्यातल्या लेन्सचं कारण कुणाला किरकोळ वाटेल, पण उसनी मिळणारी एक चांगली लेन्स सगळे तक्ते बाजूला सारते.

आणि दोन्ही एकेकदा हातात धरून बघाच. किट लेन्स लावून, डोळ्याला लावून. डी३५००ची पकड खोल आहे, मोठ्या हातांना ती बहुधा जास्त आवडते. कॅननचे मेनू अनेकांना जास्त सरळ वाटतात. बटण न बघता सापडतं का, एका हातानं धरून मनगट दुखतं का, चष्मा लावून पूर्ण चौकट दिसते का, हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

वापरलेला घेताना

या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख क्लिक धरलं जातं. निकॉन आपल्या प्रत्येक फोटोच्या फाइलीत आतापर्यंतच्या क्लिकची नोंद ठेवतो, म्हणून विकणाऱ्याकडून आत्ता काढलेला, जराही न बदललेला एक जेपेग मागवून ती वाचता येते. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांच्या फाइलीत ही नोंद नसते. तिथे बॉडीची झीज, बटणांवरची अक्षरं आणि विकणाऱ्याचं बोलणं यांवरून अंदाज बांधावा लागतो.

मग पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा एक फोटो एफ १६ वर घ्या आणि मोठा करून बघा. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सर हलवून धूळ झाडायची सोय नाही, पण हवेचा फुगा बहुतेक वेळा काम भागवतो, त्यावरून सौदा मोडू नका. लेन्स मात्र टॉर्चच्या उजेडात तिरपी धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या, आणि तुमच्या चांगल्या लेन्सच्या पिशवीत तिला क्षणभरही ठेवू नका.